उजवी बाजू

११ जानेवारी

ताई,

नमस्कार. हा आधीच घालून ठेवते, म्हणजे पुढे भांडायला मोकळी.

तुझी धाकटी बहीण हल्ली नक्की करते तरी काय, असं शेजारणी विचारतात म्हणून लिहिलं होतंस. सांग त्यांना, तिने दुकान काढलंय, खोगिरांचं. त्या हसतील. हसू देत, इथेही हसतात. तबेल्यात वैरण घेऊन येणारा गाडीवान रोज दारात थांबून विचारतो, काय, कशी चाललीय खोगीरभरती? मी म्हणते, आमचा तो धंदा आहे, तुमच्यासारखा स्वभाव नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतोच.

दुकान म्हणजे फार मोठं काही मनात आणू नकोस. इथे घोडेस्वारी शिकवतात त्या तबेल्याच्या टोकाला एक खोली आहे, आधी तिच्यात वैरण भरायचे. मालकीणबाईंनी ती मला भाड्याने दिली. जुनं दार दोन पिंपांवर आडवं टाकून टेबल केलंय. खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे काम करताना घोडे आत डोकं घालून माझे दोरे हुंगतात. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली शिवलं, आता पहिल्यांदा दारावर माझी पाटी आहे. वरच्या ओळीत ‘खोगीर दुरुस्ती’, खाली ‘नवी खोगिरं करून मिळतील’. खालची ओळ तीनदा पुसून लिहिली, तरी ती जरा तिरकीच झालीय.

आता मुद्द्याचं. इथे एक म्हातारी घोडी आहे. स्वभावाने गाय, पण खांद्यावरचा उंचवटा हाडकुळा आणि पाठ मधोमध खोलगट. एकही खोगीर तिला नीट बसत नाही, घासून घासून जखमा होतात. मालकीणबाई म्हणाल्या, तिच्या मापाचं खोगीर झालं तर ठेवीन, नाहीतर उन्हाळा सरताना तिला द्यावी लागेल. कुणाला ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मी तिच्या पाठीचं माप घेतलं आणि खोगीर केलं. सांगाड्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं माझ्या हाताने. माझं पहिलं.

ते मी बाबांकडे पाठवलंय. त्यांनी बघितल्याशिवाय घोडीच्या पाठीवर घालणार नाही. तू म्हणशील, ज्या माणसाने तुला आपल्या खोगिरांच्या कारखान्याचा उंबरा ओलांडू दिला नाही त्याच्याकडून कसली पावती हवीय? ‘मुलीच्या हाताला कातड्याचा वास लागला की जन्मभर जात नाही,’ हे त्यांचं वाक्य मी विसरलेले नाही. लागलाय वास. म्हणूनच त्यांनी बघायला हवंय.

झटका आल्यापासून ते दिवसाकाठी चार शब्द बोलतात असं तूच लिहिलंस. म्हणून सांगते, बोलण्याकडे नको, हातांकडे बघ. खोगीर घेऊन ते काय करतात ते मला जसंच्या तसं कळव. पदरचं काही घालू नकोस. मी कशाची वाट बघतेय ते तुला सांगत नाही. सांगितलं तर तू त्यांच्या कानात फुंकशील, आणि मग त्याला काही अर्थ राहणार नाही. त्यांनी ते केलं, तर मी मिळेल त्या गाडीने घरी येते.

तुझी,
मुंगी

५ फेब्रुवारी

मुंगे,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. बाबांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं यात दिवस कुठे जातो कळत नाही. परवा मी आरशात बघून क्षणभर स्वतःला आईच समजले, आणि तीही दमलेली.

खोगीर पोचलं. टपालवाल्याने ते पाठीवरून आणलं आणि म्हणाला, बाई, घोडा मागून येतोय का? मी त्याला चहा दिला, म्हणजे जास्त बोलणार नाही म्हणून. तर तो चहा पिता पिता बोलत बसला.

बाबांना कारखान्यात नेऊन बसवलं. हल्ली ते रोज तिथेच बसतात. दादा गेल्यावर ज्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं होतं, तिथेच आता झटक्यानंतर जीव रमतोय. माणसाचं काही सांगता येत नाही. त्यांनी तुझं खोगीर मांडीवर घेतलं, बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाले, “छान. फार छान.” अगदी स्पष्ट म्हणाले. आणि होतं तसं कागदात गुंडाळून, दोरी बांधून ठेवलं, जपून.

झालं ना मनासारखं? आता तू घरी ये. भांडी घासायला कुणी मिळालं तर मला फार बरं वाटेल. घासणारी तूच असशील, हे वेगळं सांगायला नको.

बाबांची तब्येत बरी आहे. उजवा हात जड आहे, पण चालतो.

तुझी,
ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. कळवलंस, बरं वाटलं. तू जे जसं घडलं तसंच लिहिलंस याबद्दल आभार.

सध्या यायला जमणार नाही. दुरुस्तीचं काम आलंय. घोड्यांच्या अंगावर घालायच्या जाड झुली धुऊन शिवून द्यायचंही काम घेतलंय, त्याला मागणी बरी आहे. मालकीणबाईंना घोडेस्वारीच्या शाळेसाठी नवी खोगिरं करून हवी होती, त्यांना मी नाही म्हणून सांगितलं. आपल्याला जे येतं ते करावं.

बाबांना नमस्कार सांग.

मुंगी

१० मार्च

मुंगे,

तुझं पत्र होतं की गॅसच्या कंपनीची पावती? मी उलटसुलट करून बघितलं, मागे काही लिहिलंय का म्हणून.

बाबांनी छान म्हटलं तर आनंदाने उडी मारायची सोडून तू झुली धुवायला बसलीस. नव्या खोगिरांचं काम हातचं घालवलंस. अगं, मग हे सगळं कशासाठी केलंस? वर्षभर तुझ्या प्रत्येक पत्रात खोगीर, खोगीर, खोगीर. इकडे मी शेजारणींना सांगून बसलेय की माझी बहीण खोगिरं घडवते. आता काय सांगू, घोड्यांची धोबीण झाली म्हणून?

घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते सांगशील का?

इथलं सांगते. बाबा गेले काही दिवस एक नवीनच करतात. सकाळी कारखान्यात गेले की कोपऱ्यातलं दुसरं स्टूल पायाने ओढून आपल्या शेजारी मांडतात. त्याच्यावर कुणी नसतं. संध्याकाळी मी ते उचलून ठेवते, सकाळी पुन्हा मांडतात. मला वाटतं, ते दादाची वाट बघतायत. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, पण डोक्यातलं कुठलं दार कधी उघडेल सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, विरोध करू नका, मांडतात तर मांडू द्या. म्हणून मांडू देते. दाराकडे बोट दाखवत राहतात, हल्ली त्यांना वारा सोसत नाही. दार लावून घेतलं की गप्प होतात, पण चेहरा पडलेलाच असतो.

एकटीला हे बघवत नाही गं. तू ये. चार दिवस ये.

ताई

२२ मार्च

ताई,

स्टूल दादाचंच आहे. तू बरोबर ओळखलंस. आपल्या तिघांत त्याच्यावर बसायचा हक्क एकट्या दादाला मिळाला होता. त्याच्यासाठी मांडत असतील तर मांडू देत, उचलून ठेवत जाऊ नकोस.

वाचून मी बराच वेळ खिडकीत उभी होते. वाईट वाटलं ते बाबांसाठी की माझ्यासाठी, हे मला धड सांगता येणार नाही. दादा गेला तरी त्याची जागा त्यांनी धरून ठेवलीय, आणि मी इथे जिवंत आहे. असो. हे वाचून तू रडू नकोस, तुझ्या रडण्याने माझे प्रश्न सुटत नाहीत आणि तुझं डोकं मात्र दुखतं.

मी येणार नाही. येऊन मी काय करू? त्यांच्यासमोर बसू आणि त्यांनी नुसतं हसून माझ्याकडे बघावं? ते मला सोसणार नाही. मी रुसलेय असं समज हवं तर.

पाटीवरची खालची ओळ रंग फासून झाकून टाकली. गाडीवानाने बघितलं, पण त्या दिवशी तो काही बोलला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

एक काम कर. ते खोगीर परत पाठव. नाहीतरी बांधूनच ठेवलंय. घोडीच्या पाठीवर पुन्हा जखम झालीय, तबेल्यातला मोतद्दार रोज मलम लावतो. बाबांना काय वाटायचं ते वाटलं, तिला तरी ते बसेल. दुसऱ्या कुठल्या घोड्याला ते बसायचं नाही, तिच्याच पाठीवर कापलंय.

मुंगी

२ एप्रिल

मुंगे,

खोगीर आत्ता पाठवता येणार नाही. बाबा ते हातातून सोडत नाहीत. खरंच सांगते. मी नुसती टेबलाजवळ गेले तरी दोन्ही हात त्याच्यावर ठेवतात. तुझ्या घोडीला सांग, जरा दम धर.

बाबांचं खाणं कमी झालंय. काल दुधाचा पेला तसाच राहिला. डॉक्टर वयाचं नाव घेतात. मला वय कळतं, पण हे काहीतरी निराळंच वाटतं. सारखं वाटतं की त्यांना काहीतरी हवंय, आणि मी दुसरंच काहीतरी आणून देतेय. पाणी हवंय म्हणून पाणी दिलं, शाल हवीय म्हणून शाल दिली. मान हलवतात, नाही म्हणतात. मग मी चिडते, आणि चिडल्यावर स्वयंपाकघरात जाऊन स्वतःला शिव्या देते.

तू हट्टी आहेस, ते बाबांकडून आलंय. एकदा येऊन जा. रुसायला आयुष्य पडलंय.

ताई

९ जून

ताई,

सुखरूप पोचले. गाडीत झोप लागली नाही. तू बांधून दिलेलं जेवण तसंच इथवर आणलं, रागावू नकोस.

घरी येणाऱ्याजाणाऱ्यांत दिवस गेले. बाबा गेले त्या सकाळी मी तिथे नव्हते. तुझी तार आल्यावर निघाले आणि सगळं आटोपल्यावर पोचले, हे आता जन्मभर माझ्याबरोबर राहील. तू मला त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

कारखान्याची किल्ली सापडत नाही म्हणालीस, तेव्हा खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं. ते बांधून ठेवलेलं पुडकं मला बघायचं नव्हतं.

इथे आले तर म्हाताऱ्या घोडीचं ठाण रिकामं होतं. आपल्या घरी दुःख होतं त्याच आठवड्यात तिला नेलं. मालकीणबाई वाईट बाई नाहीत, त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग सांगितलं. ठाण धुऊन काढलंय. तिने चावून चावून कुरतडलेली लाकडी कड तेवढी तशीच आहे.

आता लपवायला काही उरलं नाही, तर सांगूनच टाकते. मी कशाची वाट बघत होते ते.

बाबांच्या धाकाने आई मला कारखान्यात जाऊ द्यायची नाही. पण मागच्या दाराची खालची फळी निघालेली होती. दुपारी तुम्ही सगळे घरात असताना मी तिथे जमिनीवर पोटावर पडून आत बघायचे. कुणीकुणी काम शिकायला यायचे, आपण शिवलेलं काहीतरी नमुना म्हणून घेऊन यायचे. बाबा ते मांडीवर घ्यायचे. काम बेताचं असलं तर हात फिरवून म्हणायचे, छान. मग होतं तसं गुंडाळून, दोरी बांधून, हसून परत द्यायचे. तो माणूस खुशीत जायचा आणि त्याला पुन्हा कधी बोलावणं यायचं नाही.

काम आवडलं, तर एक शब्द बोलायचे नाहीत. खुंटीवरची वाकडी सुरी घ्यायचे आणि सगळं उसवायचे, एकेक टाका, कातड्याला ओरखडा न पाडता. मग डावी बाजू स्वतः शिवायचे. ती झाली की दुसरं स्टूल ओढायचे आणि म्हणायचे, “बस.” उजवी बाजू शिकणाऱ्याने त्यांच्या शेजारी बसून, त्यांची बघून शिवायची. एकदा बाबा एका नमुन्यावर फार वेळ घालवत बसले म्हणून दादाने कुरकुर केली, तर ते म्हणाले होते, “वाईट काम उसवायला वेळ कुणाला आहे?”

दादाचं त्यांनी उसवलं तेव्हा मी फळीखालून बघत होते. दादा रडायला लागला होता, आनंदाने. मी तेव्हाच ठरवलं होतं की माझंही एक दिवस उसवतील.

आणि तू लिहिलंस, म्हणाले छान, गुंडाळून ठेवलं. दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस, त्यातले तीन माझ्यावर खर्च केले, आणि तेही हे. म्हणून मी आले नाही. आता कळलं?

तुझा यात काही दोष नाही. तू बघितलंस तेच लिहिलंस.

मुंगी

१७ जून

मुंगे,

तुझं पत्र आलं त्याला काही दिवस झाले. रोज कागद घेऊन बसते आणि उठते. आज लिहून झाल्याशिवाय उठणार नाही.

मी बघितलं ते लिहिलं नव्हतं.

खोगीर आलं त्या दिवशी बाबांनी ते मांडीवर घेतलं. खोगिराच्या दोन्ही गाद्यांखाली हात घालून डोळे मिटून बसले. मग उठले, भिंतीला धरून धरून गेले, खुंटीवरची ती सुरी काढली आणि उसवायला लागले. मी ओरडले. अहो बाबा, हे काय करताय, पोरीने रक्त आटवून केलंय. त्यांनी वर बघितलंही नाही. दोन दिवस उसवत होते. आत भरलेली लोकर काढून टोपलीत ठेवली, बोटांनी पिंजून ठेवली. कातड्याचे तुकडे टेबलावर ओळीने मांडले. मला ते बघवेना. मला वाटलं, एक तर डोकं फिरलंय, नाहीतर अजून तोच हट्ट आहे, मुलीने कातड्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

हे तुला कसं लिहिणार होते मी? तू वाट बघत होतीस. म्हणून खोटं लिहिलं.

आणि खोटं तरी कुठून आणलं बघ. लहानपणी मी कधी कारखान्यात गेले नाही. मी चहा घेऊन पुढच्या खोलीत यायचे. मला दिसायचं ते एवढंच, की माणूस पुडकं काखेत घेऊन हसत बाहेर पडतोय, आणि बाबा मागून म्हणतायत, छान, फार छान. मला वाटायचं, बाबांना काम आवडलं की ते असं करतात. त्यांचं कौतुक मला दुसरं ठाऊकच नव्हतं. मी तुला माझ्याकडचं सगळ्यात चांगलं जे होतं ते लिहिलं.

पुढचं ऐक. उसवून झाल्यावर ते एक बाजू शिवायला बसले. उजवा हात साथ देत नव्हता. एक टाका घालायचे आणि हात मांडीवर ठेवून थांबायचे. कधीकधी घातलेला टाका काढून पुन्हा घालायचे. महिनाभर तेच. मला काय कळणार डावं आणि उजवं! मला वाटलं, उसवल्याचा पस्तावा झालाय म्हणून पुन्हा शिवतायत. एक बाजू पुरी झाली त्या दिवशी त्यांनी सुया टेबलावर ठेवल्या आणि पायाने दुसरं स्टूल ओढलं.

मग ते त्याच्यावर हात आपटायचे आणि माझ्याकडे बघायचे. रोज. एकदा मी बसले, मुंगे. मला वाटलं, शेजारी कुणी बसावं असं वाटतंय त्यांना. मी बसले तर त्यांनी दंडाला धरून मला उठवलं. त्या हातात इतका जोर कुठून आला कोण जाणे. आणि दाराकडे बोट केलं. मी जाऊन दार लावलं.

मी दार लावून घेत राहिले. ते तुला बोलवा म्हणत होते आणि मी रोज उठून दार लावत होते.

किल्ली माझ्याच कमरेला होती. तू आलीस तेव्हा ते तुकडे तुझ्या दृष्टीस पडू नयेत म्हणून कुलूप घातलं. तेव्हाही मला वाटलं, मी तुला जपतेय.

खोगीर पाठवलंय, वेगळं येईल. जसं टेबलावर होतं तसंच. टोपलीसकट. मी हात लावला नाही, फक्त उचलताना लावावा लागला तेवढाच. वरातीमागून घोडं, असं बाबा मला नेहमी म्हणायचे. बघ, शेवटी खरं केलं मी ते.

मला क्षमा कर असं लिहिणार नाही. ते मागायचं तोंड नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण जेवत जा.

ताई

३० जून

ताई,

पुडकं आलं. गाडीवानानेच आत आणून ठेवलं. मी त्याच्यासमोर उघडलं नाही. संध्याकाळी घोडे पाणी पिऊन परतल्यावर दार लोटून पुडकं उघडलं.

डावी बाजू पुरी आहे. टाके बाबांचेच, तिरपे, एकाला एक लागून. पण पुढच्या कोपऱ्यात हात थरथरलेला कळतो. तिथे एका टाक्याला तीन भोकं आहेत, दोन चुकलेली. आख्ख्या आयुष्यात त्यांनी चुकलेलं भोक ठेवलेलं मला आठवत नाही, ते कातडंच टाकून द्यायचे. हे त्यांनी टाकलं नाही. उजव्या बाजूच्या पहिल्या भोकात दोरा ओवून ठेवलाय, मेण लावून, दोन्ही टोकांना सुया. म्हणजे मला बसल्या बसल्या सुरुवात करता यावी.

मी त्याच्यावर डोकं ठेवून रडले. घोडे खिडकीतून बघत होते.

तुझा राग आला. काल फार होता, आज जरा कमी आहे, उद्याचं सांगता येत नाही. तू खोटं लिहिलंस त्याचा नाही. त्या स्टुलाचं तू मला खरं लिहिलंस, दाराचंही खरं लिहिलंस, आणि मी ते इथे खिडकीत उभी राहून वाचलं. मला ओळखता यायला हवं होतं. मी फळीखाली पडून सगळं बघितलेली. पण मला ‘छान’ टोचत होतं, त्यामुळे दुसरं काही दिसेना. दादाचं स्टूल, म्हणून मीच तुला लिहिलं. तेव्हा तुझ्यावर चिडले की पुढच्या क्षणी स्वतःवर चिडते, आणि मग कुणावर चिडायचं ते कळेनासं होतं. ते जिवंत होते, शेजारची जागा रिकामी ठेवून बसले होते, आणि मी इथे झुली धूत होते. याला औषध नाही, ताई. तू जेवत जा म्हणालीस म्हणून जेवते.

घोडी गेली ती गेली. मालकीणबाईंकडे चौकशी केली, त्यांनी मान खाली घातली. हे खोगीर आता कुणाच्याच पाठीवर बसणार नाही. तिच्या उंचवट्याला मोकळी जागा सोडून मी ते कापलं होतं, दुसऱ्या घोड्यावर ते डगडगेल. तरी उजवी बाजू शिवायची आहे.

अजून एकही टाका घातलेला नाही. सुई हातात घेतली आणि ठेवून दिली. एकटीने शिवायचा हा भाग नाही.

तू ये. घर शेजारणीवर सोपव, तिला तेवढंच कारण पुरेल. मी दोन स्टुलं मांडली आहेत. एकावर मी बसेन, दुसऱ्यावर तू. तुला शिवता येत नाही हे मला ठाऊक आहे, तुला शिवायचं नाहीच. मी शिवत असताना तू त्या दिवसांचं सांगायचंस. ते कसे बसायचे, सुई कुठल्या हाताने ओढायचे, चुकलं की तोंड कसं करायचे, दाराकडे किती वेळ बघायचे. सगळं जसंच्या तसं, पदरचं काही न घालता.

दार मी उघडंच ठेवलंय.

मुंगी